नलूताई मागे फिरत नाहीत

आमचं घर शेवटचं आहे. इमारतीत नव्हे, नलूताईंच्या यादीत.

दर दिवाळीला नलूताई नऊ घरी फराळाचे डबे पोचवतात, आणि कुठल्या घरी आधी जायचं याची यादी आदल्या दिवशीच तयार असते. तिचा मानपानाशी, वयाशी, हुद्द्याशी काही संबंध नाही. ज्या घरात तान्हं बाळ असेल ते पहिलं. मग म्हातारी माणसं. मग नवराबायको दोघंच असतील ती घरं. मग मोठ्या मुलांची, मग शाळकरी मुलांची, आणि सगळ्यात शेवटी आम्ही, कारण आमची ईरा सात वर्षांची आहे आणि ऑक्टोबर ते मार्च तिचं नाक वाहतं. ती बसने ईसा टाउनच्या शाळेत जाते. नलूताईंच्या मते त्या बसमध्ये पन्नास नाकं असतात आणि उघडी खिडकी एकही नसते.

"स्वच्छाकडून अस्वच्छाकडे जायचं. उलट नाही," असं त्या दारात उभं राहून, आमच्याच तोंडावर, अतिशय प्रेमाने सांगतात.

माझ्या बायकोला, सुजाताला, पहिल्या वर्षी हे फार लागलं होतं. सकाळी आठपासून रांगोळी काढून बसलेली बाई, आणि नलूताई उगवल्या संध्याकाळी सातला. "आई, आर वी कंटॅमिनेटेड?" असं ईराने पुढे एकदा त्यांच्यादेखत विचारलं. "थोड्याशा," नलूताई म्हणाल्या. एका वर्षी ईराचं नाक कसं कोण जाणे कोरडं राहिलं आणि आम्ही एकदम सहाव्या नंबरावर चढलो. सुजाताने साताऱ्याला फोन करून आईला कळवलं. पुढच्या वर्षी ईराला कांजिण्या आल्या आणि आम्ही मूळ जागी परतलो.

नलूताई म्हणजे नलिनी खोत. गाव चिपळूणजवळचं, मुक्काम मनामातलं माहूज, चौथा मजला. आम्ही त्यांच्या बरोबर खाली, तिसऱ्यावर. बहारीनमध्ये त्यांना चोवीस वर्षं झाली, आणि ती सगळी एकाच प्रयोगशाळेत, जिथे मीही रिपोर्ट टाइप करायचं काम करतो. बाहेरून येणारं खाणं तपासायची ती जागा आहे. दूध येतं, कोंबडी येते, पण नलूताईंकडे मुख्यतः येतं बीफ. हॉटेलांचं, बर्गरवाल्यांचं, बोटीने आलेल्या थंडगार कंटेनरमधलं. त्यात माणसाला आजारी पाडणारे जंतू आहेत का, हे त्या शोधतात.

आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या बायका कधीतरी आवाज खाली आणून विचारतात, "नलूताई, तुम्ही ते हातात घेता?"

"हातात नाही, हातमोज्यात. पंचवीस ग्रॅम."

"पण तरी..."

"अगो, मला कुठे खायचंय? ज्याला खायचंय त्याचं पोट बिघडू नये, एवढंच माझं काम. तोही कोणाच्या तरी घरचा असतोच ना."

त्या स्वतः बांगड्याच्या पुढे कधी गेलेल्या नाहीत. पण त्या पंचवीस ग्रॅमची काळजी अशी घेतात की तेवढी मी माझ्या लायसन्सची घेत नाही.

आता हे शोधतात कसं, ते मला समजलंय तेवढं सांगतो. पूर्वी जंतू बशीत वाढवून ओळखायला चार-पाच दिवस लागत. आता मांसाचा तुकडा रात्रभर उबेत, जंतूंना मानवेल अशा रश्शात ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी त्यातून डीएनए काढतात. मग मशीन त्या जंतूच्या डीएनएचा एक ठरावीक तुकडा शोधतं आणि सापडला की त्याच्या प्रती काढतं. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. तुकडा असेल तर पडद्यावर रेघ वर चढते. नसेल तर आडवी पडून राहते.

गोची अशी की मशीन एका कणाचेही कोटी करतं. तो कण मांसातून आलाय की नलूताईंच्या कोटाच्या बाहीवरून, हे त्याला कळत नाही. म्हणून तीन खोल्या असतात. पहिली सगळ्यात स्वच्छ, तिथे नुसतं रसायनांचं मिश्रण करायचं. दुसरीत मांसाचा अर्क मिसळायचा. तिसरीत मशीन. पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. उलट यायचं नाही. आणि दर वेळी एका नळीत मांसाऐवजी नुसतं पाणी घालायचं. तिला म्हणतात ब्लँक. पाण्याची रेघ आडवीच राहायला हवी. ती चढली तर समजायचं की आपणच काहीतरी घाण केलीय, आणि त्या दिवसाचं सगळं काम मोरीत.

इतर लोक हा नियम कोटाबरोबर खुंटीला टांगून घरी जातात. नलूताई तो नेसूनच घरी येतात.

सुपरमार्केटमध्ये त्या आधी भाजी घेतात, मग दूध, मग अंडी, मग मासे. माशांपाशी पोचल्यावर कोथिंबीर राहिली असं आठवलं तर कोथिंबीर उद्या. पन्नास पावलांवर जुडी दिसत असते, मी म्हणतो मी आणतो, तर म्हणतात, "तुम्ही पण माशांपाशी उभे होतात." ऑफिसला आम्ही माझ्या गाडीने जातो. एकदा गाडीत बसलं की विसरलेल्या वस्तूसाठी परत जायचं नाही. एकदा चष्मा घरी राहिला. त्या दिवशी त्यांनी माझा वाचायचा चष्मा वापरला आणि मी सगळे रिपोर्ट हात लांब करून वाचले.

बोलण्याचीही एक तऱ्हा आहे. आमच्या रिपोर्टात 'जंतू नाहीत' असं कधीच लिहीत नाहीत. 'पंचवीस ग्रॅममध्ये नॉट डिटेक्टेड' असं लिहितात, म्हणजे आम्ही पाहिलं तेवढ्यात आढळलं नाही. नलूताईंच्या तोंडून 'नाही' हा शब्द एकटा पडत नाही. भाजीत मीठ आहे का? आढळलं नाही. पार्किंगला जागा आहे का? आढळली नाही. आमच्या मंडळात नवीन आलेल्या एका बाईंनी त्यांना सरळच विचारलं, "लग्न नाही केलंत?"

"योग्य स्थळ आढळलं नाही," नलूताई म्हणाल्या. "नव्हतं असं म्हणत नाही मी. पाहिलं तेवढ्यात आढळलं नाही."

मी तेव्हा खूप हसलो होतो.

त्यांच्या हाताखाली मागच्या वर्षी झैनब आली. इथल्याच मुहर्रकची मुलगी, सव्वीस वर्षांची, हिंदी फर्मास बोलणारी, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. पहिल्याच दिवशी ती मोबाइल विसरली म्हणून दुसरीतून पहिलीत परत आली. नलूताईंनी तिला कोट बदलायला लावला, हात धुवायला लावले आणि दिवसभरासाठी माझ्या शेजारी बसवलं. झैनब मला म्हणाली, "शिंदेभाई, ये खाला तो मेरी सास से भी ऊपर है." पण महिनाभरात दोघींचं जमलं. झैनब त्यांना खाला नलू, म्हणजे नलूमावशी, म्हणायला लागली आणि नलूताई तिच्या डब्यातला खजूर खायला लागल्या, अर्थात आधी धुऊन.

रमजानच्या पंधरा दिवस आधीची गोष्ट. एका मोठ्या गिऱ्हाइकाचं कंटेनर आलं होतं, हॉटेलांसाठी खिमा. बावीस नमुने. गिऱ्हाईक सकाळपासून मला फोन करून "खलास? रिपोर्ट खलास?" विचारत होतं आणि मी इंशाल्ला म्हणत होतो. माझ्या टेबलासमोर एक लांब काच आहे, तिच्यातून खोल्यांचा पॅसेज आणि पहिली खोली दिसते. झैनब पहिल्या खोलीत मिश्रण करत होती. गेले तीन आठवडे नलूताईंनी तिला मांसाच्या खोलीत पाठवलंच नव्हतं. "तुझा हात इथे चांगला बसतो," एवढंच सांगितलं होतं.

मी मान वर केली तेव्हा झैनब टेबलाची कड धरून उभी होती. मग ती हळूहळू खाली बसली आणि दिसेनाशी झाली.

आणि मी नलूताईंना उलट येताना पाहिलं. चोवीस वर्षांत कोणी पाहिलं नसेल. दुसऱ्या खोलीतून, त्याच कोटात, त्याच हातमोज्यांत, पॅसेजमधून धावत, साठी उलटलेली बाई. वाटेतलं सगळं हाताने बाजूला सारून त्यांनी झैनबचं डोकं मांडीवर घेतलं. मी पोचेपर्यंत झैनब डोळे उघडून रडत होती आणि पोटावर हात धरून होती. सुजाताच्या वेळी मी हे सगळं पाहिलंय. मला कोणी काही सांगायची गरज नव्हती.

"शिंदे, टॅक्सी बोलवा. हिचं पोट बिघडलंय," नलूताई म्हणाल्या.

झैनब घरी गेली. नलूताईंनी कोट बदलला, टेबल पुसलं, झैनबने केलेलं मिश्रण फेकून दिलं आणि सगळं पुन्हा स्वतः केलं. संध्याकाळी चारला मशीन थांबलं. बावीसच्या बावीस रेघा आडव्या. आणि पाण्याची, त्या एका ब्लँकची, शेवटी शेवटी चढलेली.

नलूताई पडद्याकडे बघत राहिल्या. मग पहिल्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या, आत डोकावल्या आणि परत आल्या. "टिपांचा डबा," म्हणाल्या. द्रव उचलायच्या नळीला पुढे लावायच्या त्या प्लास्टिकच्या टिपा. मशीन नीट चालतंय ना हे बघायला दुसऱ्या खोलीत खऱ्या जंतूंचाही थोडा अर्क ठेवलेला असतो, तो लागलेल्या हातमोज्यानेच धावत येताना डबा सारला होता, आणि पुसायचा राहिला होता.

आता मी जे बोललो ते मला भूषणावह नाही, पण बोललो. "नलूताई, माल तर चांगलाच आहे. बावीस नमुने गप्प आहेत. एकट्या पाण्याने तोंड उघडलंय. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," त्या म्हणाल्या. "आपलं आजचं काम स्वच्छ झालंय की नाही, ते सांगणारा तो एकच होता. आणि त्याच्यात काही घातलेलंच नव्हतं हो आपण. तो कशाला खोटं बोलेल?"

त्या दिवसाचा रन रद्द झाला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच माणसाने नव्या टिपा घेऊन सगळं पुन्हा केलं. बावीस आडव्या, पाणी आडवं. माल चोवीस तास उशिराने सुटला आणि गिऱ्हाइकाने मला अकरा फोन केले.

पण असं झालं की एक फॉर्म भरावा लागतो. काय घडलं, कोणामुळे घडलं, का घडलं, अशा तीन चौकटी. तो फॉर्म टाइप करायला माझ्याकडे येतो. आणि तो फॉर्म वाईट वेळी आला होता. साठीनंतर नलूताईंना दर वर्षी नोकरीच्या मुदतवाढीचं नवं पत्र मिळतं, आणि ते त्याच महिन्यात निघायचं होतं. पत्र नाही तर व्हिसा नाही. व्हिसा नाही तर माहूजचा फ्लॅट नाही. मग मागे चिपळूणला, भावाच्या घरी, जिथे त्यांची खोली भाच्याने केव्हाच घेतली आहे. खरं कारण लिहिलं असतं तर कोणी त्यांना बोल लावला नसता. पण मग झैनबचं नाव आलं असतं, प्रोबेशनचे दोन महिने बाकी असताना, आणि अशी बातमी घेऊन जी तिने अजून सासूलाही सांगितली नव्हती. आधी दोनदा टिकलं नव्हतं, हे तिने मला नंतर सांगितलं.

पहिली चौकट नलूताईंनी पूर्ण भरली. दुसरीत लिहिलं, नलिनी खोत. तिसरीत दोनच शब्द होते. नॉट डिटेक्टेड.

क्वालिटी मॅनेजर मॅथ्यूसर केरळचे. फॉर्मवर त्यांची श्रद्धा आहे. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि कागद समोर ठेवला. "नलिनी मॅडम, चोवीस साल. एक बार भी उल्टा नहीं आया. आज क्यों आया?"

"सर, नॉट डिटेक्टेड."

"ये रूट कॉज नहीं है, मॅडम."

"सर, कारण नव्हतं असं मी म्हणत नाहीये. मी पाहिलं तेवढ्यात आढळलं नाही."

मॅथ्यूसरांनी माझ्याकडे पाहिलं. "शिंदे, तुम्हारा टेबल तो सामने है. तुमने क्या देखा?"

इतकी वर्षं शेजारी राहून माणूस काहीतरी शिकतो. "सर, नॉट डिटेक्टेड," मी म्हणालो.

नलूताईंना महिनाभर खोल्यांमध्ये जायला बंदी झाली आणि पत्र अडकलं. तो महिना त्यांना नमुने घ्यायला माझ्या काउंटरवर बसवलं. दोन दिवसांत त्यांनी काउंटर फिरवला. गिऱ्हाइकाने एका दाराने यायचं, नमुना द्यायचा, सही करायची आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडायचं. पेन विसरला तर पेन गेला. महिन्याच्या अखेरीस माझ्या खणात एकोणीस पेनं जमली होती. झैनब रोज येऊन म्हणायची, "खाला, मैं जाके सर को बोल देती हूँ." आणि नलूताई म्हणायच्या, "चौथा महिना लागू दे. मग सर को क्या, सगळ्या मनामाला सांग."

पत्राचं काही नलूताई बोलल्या नाहीत. पण त्या महिन्यात रोज संध्याकाळी आमच्याकडे डोकावून जायला लागल्या, आधी ईराचं नाक बघून. एकदा त्या जेवून वर गेल्यावर सुजाता भांडी आवरताना म्हणाली, "मला एक कळलं का? आपण शेवटचे आहोत म्हणून मी उगाच रुसायचे. बाकीच्या आठ घरी त्या दहा-दहा मिनिटं बसतात. आपल्यानंतर त्यांना कुठेच जायचं नसतं, म्हणून आपल्याकडे त्या जेवतात." चार दिवाळ्यांत माझ्या हे लक्षात आलं नव्हतं, याचं मला वाईट वाटलं.

चौथा महिना लागला त्या दिवशी झैनब मॅथ्यूसरांच्या केबिनमध्ये गेली आणि वीस मिनिटांनी बाहेर आली. मागोमाग मॅथ्यूसर आले. त्यांनी तो फॉर्म माझ्याकडून मागवून घेतला, तिसऱ्या चौकटीकडे बराच वेळ पाहिलं आणि खाली सही केली. तिथे लिहिलेलं तसंच ठेवलं. आठवड्याने नलूताईंचं पत्र निघालं आणि झैनबची नोकरी पक्की झाली. नलूताई पहिल्या खोलीत परत गेल्या आणि माझा काउंटर मी पुन्हा होता तसा करून घेतला.

ऑगस्टच्या शेवटी झैनबला मुलगी झाली. इथे बाळंतीण चाळीस दिवस माहेरी असते, आणि झैनबच्या आईचं घर ईसा टाउनला. नलूताईंनी शुक्रवार ठरवला. त्या दिवशी दुसऱ्या कोणाकडे जायचं नाही, वाटेत कुठे थांबायचं नाही, गाडी आदल्या दिवशी धुऊन घ्यायची. सकाळी आठला त्या खाली आल्या, न्हाऊन, इस्त्रीची सुती साडी नेसून. मला चार दिवसांपूर्वी खोकला झाला होता, त्यामुळे मी गाडीत बसायचं असा निर्णय झाला.

अर्ध्या तासाने त्या आल्या, शेजारी बसल्या, पट्टा लावला.

"कोणासारखी आहे?" मी विचारलं.

"अजून आढळलं नाही."

"हातात घेतलीत?"

"घेतली." मग म्हणाल्या, "हातमोजे घातले नव्हते मी, शिंदे." आणि दोन्ही तळहात मांडीवर उघडे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

मी गाडी सुरू केली. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. टोकाला पोचलो, मोठा रस्ता दिसायला लागला, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांबवा जरा. माझी पर्स राहिली."

पर्स त्यांच्या मांडीवर होती. मी पर्सकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. मला हसायला यायला हवं होतं, पण आलं नाही.

"मागे घ्या," नलूताई म्हणाल्या.

गाडी वळवायला जागा नव्हती. मी रिव्हर्स टाकला, मान मागे वळवली आणि सगळी गल्ली उलट चालवत झैनबच्या दारापर्यंत गेलो.